लॉन ऑक्टोबरमध्ये पिवळी पडते, पण बिघडते जूनमध्ये

सोसायट्यांच्या बागांची वार्षिक कंत्राटं घेणाऱ्याला दसऱ्याच्या आसपास एक फोन ठरलेला असतो. "पाऊस आत्ता कुठे थांबलाय आणि लॉन पिवळी पडायला लागलीय. मागच्या वर्षीही असंच झालं होतं."

मी या फोनमधला 'मागच्या वर्षीही' तेवढा वहीत लिहून घेतो. एखाद्या वर्षी लॉन पिवळी पडली तर कारण काहीही असू शकतं. पाणी चुकलं असेल, माळी गावाला गेला असेल, कुणीतरी मूठभर युरिया जास्त टाकला असेल. पण दरवर्षी त्याच पंधरवड्यात, साधारण त्याच जागी पिवळे पट्टे उठत असतील तर तिथं काहीतरी तारखेनं चाललेलं असतं. ती तारीख शोधायची. मला ती सापडायला तीन वर्षं लागली, आणि त्यातली दोन निव्वळ माझ्या आळसामुळे.

पुण्याच्या पश्चिमेकडची एक सोसायटी. मधोमध चार हजार चौरस फुटांच्या आसपास लॉन, 'सिलेक्शन वन' जातीची, म्हणजे आपली हरळीच, जरा निवडलेली. कुंपणाला लागून ओळीनं कडुलिंब. २०१८ च्या जानेवारीत काम आमच्याकडे आलं तेव्हा लॉन नवीकोरी होती. आधीच्या ठेकेदारानं डिसेंबरमध्येच पूर्ण बदलली होती. ती का बदलावी लागली, हे मी विचारलंसुद्धा नाही.

ऑक्टोबरमध्ये पिवळी पडली. सेक्रेटरी मॅडमचं निदान तयार होतं: गणपतीचा मांडव. दहा दिवस ताडपत्रीखाली गवत, वर खुर्च्या, मग नवरात्रात त्याच ओल्या जमिनीवर दांडिया. कोणती लॉन टिकेल? मला ते पटलं, कारण ते सोयीचं होतं. मी युरिया टाकला, काही फरक पडला नाही, आणि डिसेंबरमध्ये सोसायटीच्या खर्चानं लॉन पुन्हा बदलली. २०१९ मध्ये तेच. त्या वर्षी तर मांडव कुठे घालायचा यावरून सर्वसाधारण सभेत तास-दीड तास भांडण झालं. तरुण मंडळी एकीकडे, सकाळी लॉनवर अनवाणी फिरणारे ज्येष्ठ दुसरीकडे. डिसेंबरमध्ये परत नवी लॉन.

मग २०२० आलं. गणपती घरोघरी बसले, मांडव नाही. अधिक महिन्यामुळे नवरात्र ऑक्टोबरच्या मध्यावर गेलं, आणि गरब्याला त्या वर्षी परवानगीच नव्हती. मार्चपासून त्या लॉनवर माळी सोडून कुणाचं पाऊल पडलं नव्हतं. ऑगस्टमध्ये ती इतकी देखणी होती की लोक बाल्कनीतून फोटो काढायचे. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नेहमीच्याच जागी, नेहमीसारखे पिवळे पट्टे.

मांडव निर्दोष सुटला. माझ्याकडे आता कारण उरलं नव्हतं.

तोवर मी जमिनीच्या वरच सगळं बघत होतो. आमचे माळी, ज्यांना सोसायटीतली पोरंटोरंही मामा म्हणतात, ते मात्र दोन दिवस कावळ्यांकडे बघत होते. "साहेब, कावळे एकाच जागी टोचा मारतायत. साळुंक्यापण. उगाच नाही उकरत ते."

मामांनी पिवळ्या पट्ट्याच्या कडेला, जिथं पिवळं संपून हिरवं सुरू होतं तिथं, खुरप्यानं फूटभर चौकोनाच्या तीन बाजू कापल्या. चौथी बाजू तशीच ठेवली. मग बोटं घालून तो तुकडा उचलला, आणि तो सतरंजीचं टोक दुमडावं तसा सहज मागे आला. हरळी अशी येत नाही. हरळी उपटताना शेतकऱ्याच्या कमरेचा काटा ढिला होतो. इथं धरून ठेवायला मुळंच नव्हती. खालच्या भुसभुशीत मातीत पांढरट, जाड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या. तपकिरी डोकं, पुढे पायांच्या तीन जोड्या, आणि शेपटाकडच्या भागात कातडीतून दिसणारी काळसर माती. त्या एका चौकोनात सात निघाल्या.

मामा सांगलीकडचे, घरी ऊस. त्यांनी एक तळहातावर घेतली आणि म्हणाले, "ही तर आमच्या उसातली हुमणी. इथं बंगल्यात कधी राहायला आली?"

हुमणीचं वर्ष समजलं की त्या सोसायटीचं सगळं कोडं सुटतं. आपल्याकडच्या हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. वळवाचा किंवा मृगाचा पहिला बरा पाऊस पडला की जमिनीत दबा धरून बसलेले तपकिरी भुंगेरे संध्याकाळी अंधार पडता पडता बाहेर येतात. कडुलिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर बसतात, खातात, तिथंच त्यांचा समागम होतो, आणि पहाटेआधी ते परत जमिनीत शिरतात. माद्या ओलसर मातीत चार बोटं खाली सुटी सुटी अंडी घालतात, एकेक मादी पन्नासच्या आसपास. दोन आठवड्यांत बारीक अळ्या निघतात. सुरुवातीला त्या कुजलेला पालापाचोळा आणि कोवळी मुळं खातात. तेव्हा कुणाला काही दिसत नाही, कारण पाऊस चालू असतो आणि अर्ध्या मुळांवरसुद्धा गवत हिरवं राहतं. ऑगस्टनंतर अळी मोठी होते आणि तिची भूकही. सप्टेंबरअखेर पाऊस थांबतो, ऊन तापतं, गवताला पाणी लागतं, आणि ते ओढायला मुळंच शिल्लक नसतात. मग आपण म्हणतो लॉन 'अचानक' पिवळी पडली.

पुढचा भाग मला जास्त लागला. थंडीच्या तोंडावर अळी खाणं थांबवते, खोल जाते, मातीची कोठडी करून कोषात जाते. कोषातून भुंगेरा होतो, तोही पावसापर्यंत खालीच पडून राहतो. म्हणजे डिसेंबरमध्ये आम्ही जी नवी लॉन घालत होतो ती या सगळ्यांच्या डोक्यावर पांघरूण घालत होतो. ती जानेवारी ते ऑगस्ट उत्तम दिसायची, कारण त्या काळात खाणारं कुणी नसायचं किंवा अगदी लहान असायचं. दरवर्षी आम्हाला वाटायचं, लॉन बदलली आणि गुण आला. इलाज म्हणून घातलेली लॉन त्यांच्या पुढच्या पिढीचं जेवण होती, तेही सोसायटीच्या पैशानं.

त्यातून मेहेरबानी आमचीच. दर मे महिन्यात मी एक ट्रॉली शेणखत पसरायचो. स्वस्त, अर्धवट कुजलेलं, ढेकळं असलेलं. असल्या खताकडे भुंगेऱ्यांच्या माद्या अंडी घालायला येतात. (शेणखतात सापडणारी प्रत्येक जाडजूड अळी हुमणी नसते, हेही सांगतो. उकिरड्यातली बोटाएवढी अळी बऱ्याचदा गेंड्या भुंग्याची असते. ती कुजलेलं खाते, गवताची मुळं नाही.) शिवाय लॉनच्या कोपऱ्यात फ्लडलाइट होते, संध्याकाळी साडेसहाला लागायचे. कडुलिंब, उजेड, कच्चं खत आणि वर्षभर पाणी दिलेली मऊ माती. एवढी सोय तर गावाकडच्या उसातही नसते.

ऑक्टोबर २०२० मध्ये हातात फार काही नव्हतं, आणि हे मी सोसायटीला सरळ सांगितलं. मोठी झालेली अळी औषधाला सहजासहजी मरत नाही. जमिनीवर ओतलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि ज्या लॉनवर पोरं लोळतात, कुत्री फिरतात तिथं जालीम काही ओतायला माझा हात धजत नाही. अजूनही जुने माळी 'ते दाणेदार, वासाचं' मागतात, म्हणजे फोरेट. त्याच्या वापरावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. कुणी आणून देतो म्हणाला तरी घेऊ नका.

आम्ही एवढंच केलं: पिवळे पट्टे चटईसारखे उचलले, खालची माती सहा इंच उकरली, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. उकरलेली माती दोन दिवस तशीच उघडी ठेवली. कावळे, साळुंक्या, बगळे यांनी उरलेलं काम आमच्यापेक्षा नीट केलं. सेक्रेटरी मॅडमना ती उघडी माती अजिबात आवडली नाही. "लोक विचारतायत, बाग केलीय की नांगरट?" नवी लॉन मात्र मी घातली नाही. कडेच्या हिरव्या हरळीचे धावरे, म्हणजे पसरत जाऊन मुळं धरणारे दांडे, तोडून, पोयटा आणि चाळलेलं खत मिसळून, तिथंच लावले. फेब्रुवारीअखेर जागा भरल्या.

खरं काम जून २०२१ मध्ये. त्याची तयारी मेमध्ये, आणि तीही कमिटीच्या मीटिंगपासून, कारण दोन गोष्टी माझ्या हातातल्या नव्हत्या. पहिली, फ्लडलाइट. पहिल्या पावसापासून पंधरा दिवस संध्याकाळी सात ते साडेनऊ बंद ठेवायचे. वॉचमनच्या खोलीत कागद चिकटवला. दुसरी, माणसं. मामा एकटे नऊ झाडं हलवू शकत नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी वळवाची जोरदार सर आली. संध्याकाळी साडेसातला आम्ही कडुलिंबाखाली जुन्या चादरी अंथरल्या, लांब बांबूला आकडा बांधून फांद्या हलवल्या. आधी काहीच पडलं नाही. सेक्रेटरी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे. आठ वाजता परत हलवलं तर चादरीवर गारा पडाव्यात तसा आवाज. सोसायटीतली सात-आठ पोरं बॅटऱ्या घेऊन आली होती, त्यांनी पकडून रॉकेलमिश्रित पाण्याच्या बादलीत टाकले. रॉकेल आता सहज मिळत नाही, साबणाचं दाट पाणीही चालतं. भुंगेरा चावत नाही, पण बोटांना पायांनी असा काही चिकटतो की निम्म्या मुली किंचाळून पळाल्या आणि पाच मिनिटांनी परत आल्या. पहिल्या संध्याकाळी अर्धी बादली. पुढचे तीन-चार दिवस हे केलं, पाचव्या दिवशी चादर जवळजवळ रिकामी.

अंडी घालायच्या आधी जेवढ्या माद्या गेल्या तेवढं पुढचं काम हलकं. बाकी राहिलेल्यांसाठी जूनअखेरीस आणि पुन्हा जुलैमध्ये मेटारायझियम. ही एक बुरशी आहे. अळीच्या कातडीला चिकटते, आत शिरते आणि तिला आतून संपवते. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ती ऊसवाल्यांना चांगली माहीत आहे, शहरातल्या नर्सरीत मात्र मागितली की दुकानदार आधी 'कशासाठी' विचारतो. पाकिटावरच्या प्रमाणात ती चाळलेल्या, पूर्ण कुजलेल्या खतात मिसळायची. दोन-तीन दिवस ओलसर पोत्याखाली ठेवायची आणि संध्याकाळी ओल्या जमिनीवर फेकायची. उन्हात टाकली तर वाया. कोरड्या मातीत टाकली तरी वाया. आणि त्याच महिन्यात गवतावर बुरशीनाशक मारलं तर आपणच आणलेला पाहुणा आपणच मारला. ही चूक मी दुसऱ्या एका बंगल्यावर केली आहे, म्हणून सांगतो.

ऑगस्टच्या शेवटी मामांनी सहा ठिकाणी चौकोन उघडून पाहिले. चार रिकामे. एकात दोन जिवंत अळ्या. आणि एकात एक मेलेली, खडूसारखी ताठ, अंगावर शेवाळी हिरवी भुकटी. मामांनी ती काडेपेटीत ठेवली आणि पुढच्या मीटिंगला सगळ्यांना दाखवली. कंत्राटाच्या नूतनीकरणासाठी मी तयार केलेल्या सादरीकरणापेक्षा ती काडेपेटी जास्त चालली.

२०२१ चा ऑक्टोबर हिरवा गेला. मांडव त्या वर्षीही नव्हता, त्यामुळे काही लोकांना अजून शंका होती. २०२२ ला मांडव पुन्हा लॉनवर आला. गणपती गेल्यावर ताडपत्रीखालचा भाग फिका पडला होता, पण अगदी सरळ कडांचा आयत, आणि तीन आठवड्यांत आपोआप भरला. हरळीचे धावरे जमिनीखालून जिवंत असतात, त्यांना फक्त ऊन आणि हवा लागते. काट्यानं जमीन टोचून, वर बारीक वाळू आणि खत टाकून आम्ही तिला थोडी मदत केली, एवढंच.

कुठलाही पिवळेपणा दिसला की मी आधी त्याचा आकार बघतो आणि महिना. मांडवाचा पिवळा पट्टीनं आखल्यासारखा असतो. हुमणीचा वेडावाकडा, वाढत जाणारा, आणि पायाखाली जमीन स्पंजासारखी लागते. जेवणाच्या ताटाएवढी गोल वाळलेली जागा आणि तिच्याभोवती गडद हिरवी कडी असेल तर ते कुत्र्याचं मूत्र. मध्ये नत्र जास्त झालं म्हणून जळलं, कडेला बेताचं मिळालं म्हणून फोफावलं. त्यावर औषध नाही, लगेच बादलीभर पाणी ओतणं आणि मालकाशी गोड बोलणं एवढंच. पहाटे दवात गवताच्या पात्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले आणि रुपया-पाच रुपयांच्या नाण्याएवढे ठिपके असतील तर बुरशी. तिथं पहिला इलाज संध्याकाळचं पाणी बंद करून पहाटे देणं. रात्रभर ओलं राहिलेलं गवत म्हणजे बुरशीला आमंत्रण.

सगळीच्या सगळी लॉन एका दिवसात गवताच्या काडीच्या रंगाची झाली असेल तर माळ्याला रागावण्याआधी मशीन बघा. पावसात चार आठवडे मशीन फिरवता येत नाही, गवत चार-पाच इंच वाढतं, आणि पहिल्या कोरड्या दिवशी आपण ते एक इंचावर आणतो. वरची हिरवी पाती गेली, उरला तो खालचा फिका दांडा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही, हा नियम गवताला लागू आहे आणि माझ्या कंत्राटातही लिहिलेला आहे. चार इंच वाढलं असेल तर चार-पाच दिवसांच्या अंतरानं दोन-तीन वेळा. पात्याचं टोक हातात धरून बघा. सरळ कापलं असेल तर मशीनची पाती धारदार, आणि टोक फाटून पांढरं, चिंध्यांसारखं झालं असेल तर धार गेलेली. फाटलेली टोकं दोन दिवसांत वाळतात आणि लांबून अख्खी लॉन आजारी दिसते.

डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा अंशांच्या आसपास जातात तेव्हा हरळी वाढायची थांबते आणि थोडी फिकी पडते. ती झोपलेली असते. तिला युरिया घालून उठवू नका.

युरियाबद्दल एकदाच बोलतो. त्यात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून तो पटकन हिरवं करतो आणि म्हणूनच जाळतो. हजार चौरस फुटांना किलोभर ही माझ्या हिशेबानं वरची मर्यादा. मी स्वतः निम्माच टाकतो, तोही वजनकाट्यावर मोजून, कोरड्या वाळूत मिसळून, आणि लगेच पाणी. माळ्याच्या मुठीवर सोडायचं नाही. मामांची मूठ आणि त्यांच्या भाच्याची मूठ यांत दुपटीचा फरक आहे. आणि आधी कुठलं पान पिवळं आहे ते बघायचं. जुनी, खालची पानं पिवळी आणि कोवळी हिरवी असतील तर नत्र कमी आहे, युरिया चालेल. उलटं असेल, म्हणजे कोवळं पान पिवळं आणि त्यावर हिरव्या शिरांच्या बारीक उभ्या रेघा, तर लोह मिळत नाहीये. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण पिकाला मिळत नाही, आणि पावसाळ्यात पाणी साचलं की आणखी अडकतं. तिथं पोतंभर युरिया ओतला तरी रंग येणार नाही. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाच ग्रॅम एक लिटर पाण्यात, संध्याकाळी फवारायची. आठवड्यात फरक दिसतो. फक्त फरशीवर थेंब उडू देऊ नका. मी एकदा क्लब हाऊससमोरच्या पांढऱ्या टाइल्सवर तांबडे डाग पाडले, आणि त्यांची सफाई माझ्या बिलातून कापली गेली. योग्यच केलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण ऑक्टोबरचा प्रश्न सुटल्यावर एप्रिलचा दिसू लागला. तो आधीही असणार, फक्त दरवर्षी नव्या लॉनच्या हिरवाईत झाकला जायचा.

२०२३ च्या उन्हाळ्यात पाण्याच्या हायड्रंटपासून दहा-बारा फुटांच्या पट्ट्यात पात्यांची टोकं करपायला लागली. उकरून पाहिलं, हुमणी नाही. एप्रिलमध्ये नसणारच. मुळं शाबूत होती, पण मातीच्या वर आणि नळाच्या तोंडाशी पांढरा, किंचित खारट थर. चव मामांनी घेतली, मी नाही. बागेला सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी जात होतं. ते वापरायलाच हवं, पिण्याचं पाणी लॉनवर घालणं मलाही पटत नाही. पण शुद्धीकरणात घाण जाते, मीठ जात नाही. मीटर बुडवला तर विरघळलेले क्षार लिटरमागे चौदाशे मिलिग्रॅमच्या घरात. साधारण साडेचारशेपर्यंत निर्धास्त, दोन हजारांच्या पुढे अवघड. मधल्या पट्ट्यात पाणी कसं देता यावर सगळं ठरतं, आणि आम्ही नेमकं चुकीचं देत होतो: रोज दहा मिनिटं, वरचे दोन इंच भिजतील एवढं. पाणी उडून जायचं, मीठ तिथंच राहायचं. पावसाळ्यात ते धुऊन जायचं म्हणून ऑक्टोबरमध्ये याचा मागमूस नसायचा, आणि मार्चपासून पुन्हा साठायला सुरुवात.

किती पाणी पडतंय हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून आइस्क्रीमचे सरळ बाजूंचे रिकामे डबे लॉनवर आठ ठिकाणी ठेवले, स्प्रिंकलर पंधरा मिनिटं चालवला आणि पट्टीनं मोजलं. हायड्रंटजवळच्या डब्यात नऊ मिलिमीटर, दूरच्या कोपऱ्यात दोन. एकाच लॉनच्या एका टोकाला पूर, दुसऱ्याला दुष्काळ. हजार चौरस फुटांवर एक मिलिमीटर म्हणजे नव्वद लिटरच्या वर पाणी, एवढा हिशेब लक्षात ठेवला की टँकर मागवताना फसवणूक होत नाही. दोन नोझल बदलले. रोजच्याऐवजी उन्हाळ्यात एक दिवसाआड, पण पाणी चार-पाच इंच खोल जाईल एवढं. आणि मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी एकदा सोसायटीच्या पावसाचं पाणी मुरवलेल्या बोअरचं गोडं पाणी, भरपूर, मीठ खाली ढकलण्यासाठी. आमची लॉन जमिनीवर आहे म्हणून हे जमलं. पार्किंगच्या स्लॅबवरची बाग असेल तर आधी निचऱ्याची जाळी उघडून बघा. नऊ इंच मातीखाली भोक तुंबलेलं असेल तर ढकललेलं मीठ जाणार कुठे? अशा एका ठिकाणी मी जाळी उघडली तर आत काळी, कुजक्या अंड्यासारख्या वासाची माती आणि कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फुग्यांचं रबर निघालं.

जिप्सम घालू का, असं हमखास विचारतात. मातीत सोडियम जास्त असेल तरच. आधी माती तपासून घ्या. नुसतं पांढरं दिसलं म्हणून दुसरं पांढरं टाकायचं नाही.

आणि एक पट्टा मी सोडून दिला. गुलमोहराखालचा. तिथं दिवसाला दोन तासही ऊन येत नाही. हरळीला किमान पाच-सहा तास लागतात. तीन वर्षं मी तिथं लॉन लावत होतो आणि ती मरत होती. झाड छाटा म्हणून दोन-तीन सभासद मागे लागले, पण महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही, १९७५ पासून तसा कायदा आहे, आणि खरं सांगायचं तर गवतासाठी गुलमोहर छाटण्यात मला रस नव्हता. तिथं स्पायडर प्लांट आणि सिंगोनियम लावलं, दोन बाक ठेवले. आता सकाळी अनवाणी फिरून झालं की ज्येष्ठ मंडळी तिथंच बसतात.

तुमची लॉन आत्ता पिवळी असेल तर फोन करण्याआधी एक करा. पिवळ्या-हिरव्याच्या सीमेवर, मधोमध नाही, कारण खाऊन झालेल्या जागेतून अळी पुढे सरकलेली असते, फूटभर चौकोन तीन बाजूंनी कापा आणि दुमडा. पाच-सहा ठिकाणी. एखाद्या चौकोनात दोन-तीन अळ्या निघाल्या तरी मी त्या लॉनचं पुढच्या जूनचं काम वहीत लिहून ठेवतो. फोटो काढताना अळीशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. ती केवढी आहे ते कळल्याशिवाय तिचा महिना सांगता येत नाही.